नवीन गॅजेट घरी आणताना: प्रार्थना, पोरं आणि स्क्रीन यांचं जमवायचं कसं

मला गॅजेट मनापासून आवडतात. नवा फोन, ब्लूटूथ स्पीकर, टॅब, काहीही असो, बॉक्स उघडताना जो आनंद होतो तो देवापासून लपवावा असं मला कधी वाटलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत काही जणांना वाटतं की विश्वासणाऱ्याने या गोष्टींपासून लांबच राहावं, त्यांची काळजी मला समजते, पण १ तीमथ्य ६:१७ उघडून बघा, तिथे पौल म्हणतो की देव आपल्याला उपभोगासाठी सगळं भरपूर देतो, आणि त्याच वचनात तो म्हणतो की चंचल धनावर आशा ठेवू नका. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्यात, म्हणून मी पण दोन्ही एकत्रच धरतो. आणि आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना नवीन साधनांचं वावडं कधीच नव्हतं, १८११ साली मराठी नवा करार छापून आला तो बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून, आणि नगरकडच्या किती घरांत आजोबांच्या काळात पेटी आली ती आधी भजनासाठीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की गॅजेटचे नियम सहा महिन्यांनी भांडून लावता येत नाहीत. घरात यायच्या आधी आणि आल्यावर पहिल्या आठवड्यात जे ठरतं तेच पुढे चालतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय. आम्ही मूळचे नगरकडचे प्रोटेस्टंट, बायकोचं माहेर वसईचं, ती कॅथलिक घरातली, त्यामुळे दोन्हीकडच्या पद्धती यात येतील.

घ्यायच्या आधी

लूक १४:२८ मध्ये प्रभू विचारतो, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? मोबाइल घेताना हे वचन अगदी शब्दशः वापरा. कागद घ्या, नवरा-बायको दोघं बसा, मुलं मोठी असतील तर त्यांना पण बसवा आणि तीन गोष्टी लिहा: हे कोण वापरणार, घरात ठेवायचं कुठे, आणि रात्री बंद किती वाजता होणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकमताने येत नसेल तर खरेदी पुढच्या महिन्यावर ढकला. दुकानं कुठे पळून जात नाहीत, सेल परत येतातच.

पैशाचं नीट बघा. नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते, हा शब्द ऐकून लोक निवांत होतात, पण क्रेडिट कार्डवर बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. म्हणजे व्याजाचा भाग २,००० रुपये धरला असेल तर ३६० रुपये जीएसटी, वर प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. रक्कम फार मोठी नाही, पण ती माहीत असू द्या. माझा स्वतःचा कल असा की करमणुकीची वस्तू हप्त्यावर घेऊ नये, कामाची किंवा मुलांच्या शिक्षणाची असेल तर घ्यावी आणि हप्ता लवकर संपेल असं बघावं. नीतिसूत्रे २२:७ मधलं ऋणको आणि धनकोचं वचन कठोर वाटतं खरं, पण महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापला जातो तेव्हा त्याचा अर्थ नीट कळतो. आणि दशांश (देवासाठी काढलेला कमाईचा दहावा भाग) किंवा मिस्साचं (कॅथलिक उपासनेचं) दान बाजूला काढलेलं असेल तर त्याला हात लावू नका, "पुढच्या महिन्यात भरून काढू" हे मनात आलं की समजा वस्तू आत्ता परवडत नाहीये.

दुकानात एक प्रश्न जरूर विचारा, याला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा, कारण याच फोनवर तुमचं यूपीआय चालणार आणि तो तीन-चार वर्षं टिकवायचा आहे.

आणखी एक, किंमत एकमेकांपासून लपवू नका. नवऱ्याने हेडफोन घेतले आणि अर्धीच किंमत सांगितली, बायकोने घड्याळ घेतलं आणि ऑफर होती म्हणून सांगितलं, हे फार घरांत चालतं आणि लहानसं वाटतं, पण मग रात्री दोघांनी हात जोडून एकत्र प्रार्थना करायला बसायचं असतं. खरी किंमत सांगा, थोडी कुरबुर होईल, होऊ दे.

बॉक्स घरी आला त्या संध्याकाळी

सगळे घरी असतील तेव्हाच उघडा. नवीन गाडी आली की आपण पाळक साहेबांना किंवा फादरांना बोलावून प्रार्थना करतो, आशीर्वाद घेतो, तसं फोनसाठी कोणाला बोलवायची गरज नाही पण घरातल्या सगळ्यात लहान मुलाला सांगा दोन ओळींची प्रार्थना करायला. मुलं जे मागतात ते फार थेट असतं, "प्रभू, हा फोन पडू देऊ नको आणि पप्पांना यात जास्त बघू देऊ नको." असं काही ऐकायला मिळालं तर ते मनावर घ्या.

मग सेटअप, आणि इथे घाई नको. पहिलं काम चार्जिंगची जागा ठरवणं. हॉलमध्ये एक एक्स्टेंशन बोर्ड लावा, देवघरासारखी उंच जागा नको, साधा कोपरा चालेल, आणि घरातले सगळे फोन, टॅब, घड्याळं रात्री तिथेच लागतील, आईवडिलांचे सुद्धा. बेडरूममध्ये फोन नाही म्हटलं की पहिला आक्षेप येतो अलार्मचा, त्यासाठी सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ आणा, दोन-तीनशे रुपयांत चांगलं मिळतं. या एका बदलाने सकाळ बदलते, कारण उठल्या उठल्या हातात स्क्रीन नसते आणि स्तोत्र वाचायला किंवा नुसतं पाच मिनिटं शांत बसायला जागा तयार होते. कोणाचे आईवडील गावी आजारी असतील, रात्री फोन येऊ शकत असेल, तर रिंग मोठी ठेवून हॉलमध्येच ठेवा, ऐकू येतो.

दुसरं काम नोटिफिकेशन. नवीन फोनमध्ये ॲप टाकताना प्रत्येक ॲप परवानगी मागतं, तेव्हाच नाही म्हणा. फोन, मेसेज, बँक, शाळा, एवढ्यांना हो. शॉपिंग ॲपना मुळीच नको.

तिसरं, घरातल्या वाय-फायच्या राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि दुसऱ्या रकान्यात १.०.०.३ टाका (आकडे इंग्रजीत टाइप करायचे). ही क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा आहे, २०२० पासून चालू आहे, आणि ती अश्लील साइट आणि व्हायरसवाल्या साइट अडवते, घरातल्या टीव्हीपासून टॅबपर्यंत जे जे वाय-फायवर आहे त्या सगळ्यावर. मोबाइल डेटा चालू केला की हे लागू होत नाही, आणि हुशार पोरगा यातून वाट काढू शकतो, म्हणून हे कुंपण आहे एवढंच समजा, मुलांशी बोलणं तरी करावंच लागतं.

मुलांच्या हातात देताना

अँड्रॉइड असेल तर फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं ॲप लावा. तुमच्या फोनवर ॲप टाका, मुलाचं वेगळं गुगल अकाउंट काढा, तुमचंच अकाउंट त्याच्या टॅबवर टाकू नका ही यातली मुख्य गोष्ट, कारण तुमच्या अकाउंटवर तो सगळ्या जगासाठी मोठा माणूस ठरतो. मग त्याच्या टॅबच्या सेटिंगमध्ये गुगल, तिथे पॅरेंटल कंट्रोल्स, आणि पुढे स्क्रीनवर येतं तसं करत जा. रोजची मर्यादा ठरवा, रात्रीचा डाउनटाइम ठरवा, नवीन ॲप तुमच्या मंजुरीशिवाय येणार नाही असं करा. बायबलचं ॲप आणि फोन करायची सोय कायम चालू राहील अशा यादीत टाकता येते. आयफोन किंवा आयपॅड असेल तर हेच सगळं सेटिंगमधल्या स्क्रीन टाइममध्ये आहे. यूट्यूबसाठी लहान मुलांना यूट्यूब किड्स द्या, आणि त्यात एक पर्याय असतो की पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील, सहा-सात वर्षांपर्यंत मी तोच ठेवायला सांगेन.

पण हे सगळं लावायच्या आधी मुलाला शेजारी बसवा आणि त्याच्यासमोर लावा. चोरून लावलेलं कंट्रोल त्याला एक दिवस सापडतं आणि मग विश्वास जातो. इफिस ६:४ मध्ये बापांना सरळ सांगितलंय की मुलांना चिडीस आणू नका. मी मुलाला सांगतो की ही मर्यादा माझ्या फोनवर पण आहे, आणि ती खरंच असते, फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये जाऊन रील्सच्या ॲपला टायमर लावलेला त्याला दाखवतो.

मुलांना सांगायला एक छान खरी गोष्ट आहे, कार्लो अकुतिसची. १९९१ मध्ये लंडनला जन्मलेला, इटलीत मिलानमध्ये वाढलेला मुलगा, कॉम्प्युटरचं प्रचंड वेड, प्लेस्टेशन पण आवडायचं, आणि त्याच्याबद्दल सांगतात की गेम खेळायला त्याने स्वतःच स्वतःला आठवड्याला एक तास ठरवून घेतला होता. उरलेल्या वेळात त्याने पवित्र साक्रामेंताशी (मिस्सातल्या पवित्र भाकरीशी) निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट केली. २००६ मध्ये वयाच्या १५ व्या वर्षी ल्युकेमियाने गेला, आणि ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. आम्ही प्रोटेस्टंट घरात संतांची प्रार्थना करत नाही, पण जीन्स-टीशर्ट घालणारा, गेम खेळणारा पोरगा देवाला धरून राहू शकतो हे बारा वर्षांच्या मुलाला पटवायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

गेम घ्यायचाच असेल तर टीव्हीवर सगळ्यांनी मिळून खेळता येईल असा घ्या. प्रत्येकाच्या हातात वेगळी स्क्रीन असली की घर गप्प होतं. टीव्हीवर चौघं खेळले की आरडाओरडा होतो, हसणं होतं, आजी पण बघत बसते, मला हा आवाज घरात हवासा वाटतो.

प्रार्थनेची वेळ

कौटुंबिक प्रार्थनेची एक वेळ पक्की करा, जेवणाआधी असो वा नंतर. आमच्याकडे एक गीत, एक उतारा, प्रत्येकाने एक विनंती, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना, पंधरा मिनिटांत होतं. बायकोच्या माहेरी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, असते, तिला वीसेक मिनिटं लागतात. काय वाचायचं यात अडकू नका, नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, तारखेप्रमाणे एक घ्या, किंवा मार्कचं शुभवर्तमान धरा, १६ अध्याय, लहान मुलांना त्याचा वेग आवडतो.

आता फोनचं. रोज त्या वेळेला डू नॉट डिस्टर्ब आपोआप चालू होईल असं शेड्यूल लावून ठेवा, अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये साउंड किंवा मोड्सखाली सापडतं. भीती वाटते की तातडीचा फोन आला तर काय, त्यासाठी आत एक पर्याय असतो, तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर रिंग वाजू दे. तो चालू ठेवा, आणि घरच्यांचे चार नंबर स्टार करून त्यांना सूट द्या. घरातल्या मोठ्यांना हे समजावून सांगा म्हणजे ते गरज असेल तर दोनदा करतील.

बायबल ॲप की पुस्तक, यावर माझं मत ठाम आहे. एकट्याने वाचताना ॲप उत्तम, बसमध्ये, लोकलमध्ये, डबा खाताना. यूव्हर्जन या बायबल ॲपवर मराठी पवित्र शास्त्र आहे, ऑफलाइन उतरवून ठेवता येतं. पण घरच्या प्रार्थनेला कागदाचं पुस्तक. मुलाला उताऱ्याचं पान शोधायला लावा, बायबलमधलं अनुवादाचं पुस्तक कुठे आणि फिलिप्पैचं पत्र कुठे हे बोटांना कळलं पाहिजे, आणि आईवडिलांच्या हातात फोन दिसला की मुलाला ते वचन वाचतायत का मेसेज ते कळत नाही. याला अपवाद आजी-आजोबा. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना टॅबवर अक्षर मोठं करून द्या, पार्श्वभूमी गडद आणि अक्षर पांढरं करून बघा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांना ते सोपं जातं. ज्यांना वाचणंच होत नाही त्यांच्यासाठी ऑडिओ बायबल, आणि त्यांना फोन देण्यापेक्षा एक ब्लूटूथ स्पीकर पलंगापाशी लावा ज्यावर एकच मोठं बटण दाबायचं असतं.

परदेशात असलेल्या मुलांना पण यात घ्या. शनिवारी रात्री दुबईचा मुलगा आणि कॅनडाची मुलगी व्हिडिओ कॉलवर आली की प्रार्थनेला सगळे होतात. गुगल मीटवर तीन किंवा त्याहून जास्त जण असतील तर फुकटात साठ मिनिटं मिळतात, पुरतात. एकत्र गायचा हट्ट मात्र करू नका, इंटरनेटवर आवाज पुढेमागे पोचतो आणि सगळा गोंधळ होतो, एका घराने गावं, बाकीच्यांनी आवाज म्यूट करून आपापल्या घरी गावं.

आजीचा आवाज जपून ठेवा

नवीन फोनचा सगळ्यात चांगला उपयोग मला विचाराल तर हा. आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे गीतांच्या ज्या चाली आहेत त्या त्यांच्याबरोबर जातील. घरातल्या उपासना संगीताच्या पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही, आणि एकाच गीताची आमच्या गावची चाल वेगळी, शेजारच्या तालुक्याची वेगळी. वसईकडे सामवेदी बोलीतली लग्नगीतं आहेत, ती म्हणणाऱ्या बायका कमी होत चालल्यात. हे काम या सुट्टीत करा, पुढच्या नाही.

कसं करायचं ते सांगतो. दुपारचा वेळ घ्या, जेवणानंतर थोडी झोप झाली की. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रीज शेजारच्या खोलीत असेल तर बरं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. आडवा धरा, हातात नको, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, खिडकी त्यांच्या पाठीमागे नको, समोर हवी. सुरुवात प्रार्थनेने करू द्या, म्हातारी माणसं प्रार्थना करताना मोकळी होतात. मग थेट "साक्ष सांगा", म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सांगा, असं म्हणू नका, बिचकतात. लहान प्रश्न विचारा: बाप्तिस्मा कुठे झाला, तेव्हा चर्चमध्ये खाली बसायचे की बाक होते, नाताळला घरी काय करायचे, ७२ च्या दुष्काळात घरात काय खाल्लं, कीर्तनाला कोण कोण यायचं. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा, दमल्या की थांबा. गीत म्हणताना चुकल्या तर टोकू नका, स्वतःहून परत म्हणतात.

नंतर फाइलला नाव द्या, तारीख, माणसाचं नाव, गाव, गीताची पहिली ओळ. गुगलवर १५ जीबी फुकट मिळतात, तिथे एक प्रत, एक पेनड्राइव्हवर, एक भावाकडे. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर दर्जा फार खाली जातो. आणि त्यांना विचारल्याशिवाय सगळीकडे टाकू नका.

रविवार

चर्चमध्ये फोन एअरप्लेन मोडवर, सायलेंटवर नाही, सायलेंटवर थरथरतो आणि हात खिशात जातोच. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांची उपासना, मिस्सा ऑनलाइन झाली आणि तेव्हा ती मोठी सोय होती, आजही अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी आहे, तर त्यांच्यासाठी टीव्हीवर लावून द्या, एक जण त्यांच्याजवळ बसा. आपण धडधाकट असताना सोफ्यावरून बघू नये असं मला वाटतं, कारण बाहेर पडल्यावर अंगणात जे दहा मिनिटं बोलणं होतं, कोणाची नोकरी गेली, कोणाचं ऑपरेशन आहे, ते स्क्रीनवर कळत नाही. दुपारी मात्र मुलांना गेम, आवडीचा सिनेमा, नवीन स्पीकरवर गाणी, सगळं मोकळेपणाने करू द्या. फक्त आई एकटी स्वयंपाकघरात आणि बाकीचे टीव्हीसमोर असं नको, निर्गमच्या विसाव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा घरातल्या प्रत्येकाला आहे, दासदासींना आणि गुराढोरांना सुद्धा.

ग्रुपवर प्रार्थना विनंती टाकताना

आजारी माणसाचा रिपोर्ट, आयसीयूतला फोटो, कोणाच्या घरचं भांडण, हे त्यांच्या परवानगीशिवाय टाकू नका, प्रार्थनेसाठी सुद्धा नाही. "एका बहिणीसाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं, देवाला नाव माहीत आहे. दहा जणांना पाठवा म्हणजे आशीर्वाद मिळेल असे मेसेज पुढे पाठवू नका. आणि पाळकांच्या किंवा फादरांच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला तर आधी त्यांना फोन करून आवाज ऐका, अकाउंट हॅक होतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.

लेंटमध्ये

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, "फोन कमी करीन" असं मोघम ठरवलं की होत नाही. एकच ॲप निवडा आणि लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, काढून टाका, ईस्टरला परत टाकायचं तर टाका. मुलांवर लादू नका, त्यांनी स्वतः निवडलं तर चाळीस दिवस निभावतात, आणि ओटीटीचं एखादं सबस्क्रिप्शन बंद करून वाचलेले पैसे कोणाला द्यायचे ते त्यांनाच ठरवू द्या.

जुन्या फोनचं काय

एक्स्चेंजमध्ये फार मिळत नसेल तर संडे स्कूलच्या एखाद्या मोठ्या मुलाला, कॉलेजला जाणाऱ्या भाचीला द्या. द्यायच्या आधी फोटोंचा बॅकअप घ्या, बँकेची आणि यूपीआयची ॲप काढा, सेटिंगमध्ये जाऊन गुगल अकाउंट आधी रिमूव्ह करा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा, उलट केलं तर फोन तुमचा पासवर्ड मागत अडून बसू शकतो आणि ज्याला दिला त्याची पंचाईत होते. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का ते बघा. बॅटरी फुगलेली असेल तर कोणालाही देऊ नका, कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. चांगला असेल तर पुसून, नवीन काच लावून, सोबत चार्जर देऊन द्या.